पट्टिका, पेशी आणि खूण : बालवयातील वाहिनीदाहाच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

१

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा करताना मराठी अभ्यासक सामान्यतः दोन कसोट्या लावतात. प्रतिशब्द मूळ संज्ञेचा अर्थ पुरेपूर देतो काय, ही एक. आणि तो मराठीच्या प्रकृतीला मानवतो काय, ही दुसरी. दोन्ही आवश्यक आहेत, परंतु पुरेशा नाहीत. ज्या वस्तूला नाव दिले तिच्याविषयीचे ज्ञान पुढे सरकल्यावर ते नाव योग्य प्रश्न विचारू देते, की वापरणाऱ्याला जुन्याच प्रश्नापाशी खिळवून ठेवते, ही तिसरी कसोटी होय. वैद्यकाच्या क्षेत्रात हिचे महत्त्व विशेष आहे. कारण तेथे चुकीचा प्रश्न विचारण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

या कसोटीवर तपासण्यासाठी येथे एक छोटे क्षेत्र निवडले आहे. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना येणारा दाह, आणि त्या दाहात प्लेटलेट नावाचे रक्तघटक कार्यप्रवृत्त झाल्याच्या खुणा, हे ते क्षेत्र. प्लेटलेटला मराठीत नावांचा तुटवडा नाही. मराठी विश्वकोशाने ‘बिंबाणू’ हा शब्द वापरला. शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘रक्तपट्टिका’ रूढ केला. वृत्तपत्रांतून ‘रक्तबिंबिका’ अधूनमधून भेटतो. आणि बोलण्यात ‘प्लेटलेट’ किंवा नुसते ‘पेशी’ चालते. पुढील विवेचनात ‘बिंबाणू’ हा शब्द सोयीसाठी पत्करला आहे. तो निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याचा दोषही प्रस्तुत परीक्षणाचाच भाग आहे.

२

पट्टिका, बिंब, चकती, तबकडी ही सर्व नावे आकारावरून आली आहेत, आणि हा आकार मराठीने पाश्चात्त्यांकडून घेतला. इटालियन शास्त्रज्ञ जूलिओ बित्सोझेरो यांनी १८८२ साली या घटकाला रक्ताचा तिसरा घटक म्हणून स्वतंत्र स्थान दिले, तेव्हा त्यांनी इटालियनमध्ये ‘छोटी तबकडी’ अशा अर्थाचे नाव योजले. जर्मन, फ्रेंच व इंग्रजी नावे त्याच अर्थाची आहेत. मौज अशी की, बित्सोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म वाहिन्यांत हे कण वाहताना पाहिले होते आणि वाहिनीच्या भिंतीला इजा होताच ते तेथे जाऊन चिकटतात हेही पाहिले होते. म्हणजे नाव देणाऱ्याने क्रिया पाहिली आणि नाव मात्र आकृतीला दिले. पुढे जे जे प्रतिशब्द झाले ते सर्व या पहिल्या निवडीचे वंशज होत.

आता वस्तुस्थिती पाहावी. बिंबाणू ही पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे तुकडे पडून ते तयार होतात. त्यांना केंद्रक नसते. त्यांचा व्यास दोन ते तीन मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस, आणि निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या सुमारे दीड ते साडेचार लाख असते. हे तबकडीसारखे दिसतात ते विश्रांतीच्या स्थितीत. वाहिनीच्या भिंतीची इजा किंवा दाहातील रासायनिक संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचला की तबकडी राहत नाही. ती गोलाकार होते, तिला काट्यांसारखे पाय फुटतात, तिच्या पोटातील कणिका पृष्ठभागाशी येऊन मिळतात आणि आतला ऐवज बाहेर पडतो. अशा अवस्थेतील बिंबाणू परस्परांना चिकटतात, वाहिनीच्या अस्तराला चिकटतात आणि पांढऱ्या पेशींनाही चिकटतात. या चिकटण्यामुळे ते गुठळी बनविण्यापुरते उरत नाहीत, दाहाच्या कार्यातही भागीदार होतात.

तात्पर्य, ‘पट्टिका’ आणि ‘बिंब’ ही नावे या घटकाच्या निद्रेची नावे आहेत. तो जागा झाल्यावर तो पट्टिकाही नसतो आणि बिंबही नसतो. जोवर शास्त्राचा प्रश्न ‘हे कण किती आहेत?’ एवढाच होता, तोवर या उणिवेने काही बिघडले नाही. झोपलेल्यांची शिरगणती झोपलेल्याच्या वर्णनावरून करता येते. प्रश्न ‘हे कण काय करीत आहेत?’ असा झाला की हे नाव अपुरे पडू लागते.

३

ही उणीव ग्रंथांपुरती राहिली असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. ती घरात कशी उतरते हे पाहण्यासाठी एखादी प्रत्यक्ष वस्ती डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट ठरेल. पनवेल तालुक्यातील सुकापूर ही नवीन पनवेलला लागून वाढलेली वस्ती आहे. कागदोपत्री गावाचे नाव पाली देवद. रिक्षावाल्याला सांगताना मात्र सुकापूर. दोन नावे असूनही कोणाचा घोटाळा होत नाही, कारण दोन्ही नावांनी दाखविली जाणारी भूमी एकच आहे. परिभाषेची गोष्ट वेगळी. पाठ्यपुस्तकातील ‘रक्तपट्टिका’ आणि डेंगीच्या दिवसांत महाराष्ट्रभर ऐकू येणारे ‘पेशी कमी झाल्या’ हे वाक्य यांचा निर्देश एकच असावा अशी अपेक्षा. पण अनेकदा बोलणारा पुढे ‘पांढऱ्या’ हे विशेषण जोडतो, आणि बिंबाणूंच्या जागी भलतीच वस्तू उभी राहते. म्हणजे कागदावरच्या नावाने क्रिया गमावली आणि तोंडातल्या नावाने वस्तूच गमावली. दोहोंत शिल्लक राहिला तो आकडा.

डेंगीने मराठी समाजाला बिंबाणूंची ओळख करून दिली, ती या आकड्याच्या द्वारे. ‘कमी झाल्या’ म्हणजे भय, ‘वाढल्या’ म्हणजे सुटका, असा या दोन क्रियापदांचा भावार्थ आता पक्का झाला आहे. डेंगीपुरते हे व्याकरण ढोबळमानाने चालते. परंतु समजा, सुकापुरातील एका घरात तीन वर्षांच्या मुलाला सहा दिवस ताप आहे. डोळे लाल आहेत, पण त्यांत पू नाही. ओठ फुटले आहेत, जीभ लालभडक आहे, अंगावर पुरळ आहे, तळहात-तळपाय सुजले आहेत. घरातील आजी ‘गोवर’ म्हणेल. पावसाळा असल्यास आईवडिलांच्या मनात डेंगी येईल. रक्त तपासले जाते आणि बिंबाणूंची संख्या तीन लाख निघते. रूढ व्याकरणानुसार हा आकडा सुटकेचा आहे.

वर्णन मात्र कावासाकी आजाराचे आहे. पाच दिवस वा अधिक ताप आणि डोळे, ओठ-जीभ, पुरळ, हातपाय व मानेतील गाठी या पाच लक्षणांपैकी चार, ही त्याची प्रसिद्ध ओळख. यात मध्यम आकाराच्या धमन्यांना, विशेषतः हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना दाह होतो. उपचार न झाल्यास सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांत या धमन्यांना फुगवटे येतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास उतरते. आणि नेमक्या या दहा दिवसांत बिंबाणूंची संख्या बहुधा काहीच सांगत नाही. ती दुसऱ्या आठवड्यात चढू लागते आणि तिसऱ्या आठवड्यात कळसाला पोहोचते. सात लाखांचा आकडा तेव्हा नवलाचा नसतो. ‘वाढल्या’ हे क्रियापद ज्या घरात आनंदाचे आहे, त्या घरात हा आकडा पोहोचतो तेव्हा धमनीत गुठळी होण्याचा धोका मोठा असतो.

उलट दिशेनेही आकडा फसवा ठरतो. कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली जपानी मुलांसाठी एक गुणपद्धती मांडली. इम्युनोग्लोब्युलिनला दाद न देण्याचा संभव कोणत्या मुलांत अधिक, हे ती सांगते. तीत बिंबाणू तीन लाख वा त्याहून कमी असणे ही धोक्याच्या बाजूची गोष्ट धरली आहे. ही पद्धती जपानबाहेर तितकी उपयोगी पडली नाही हे खरे. तरी ‘नॉर्मल’ म्हणून सोडून दिलेला आकडा दुसऱ्या संदर्भात इशारा कसा होतो, एवढे तिच्यावरून स्पष्ट होते. कोविडच्या साथीत, २०२० साली, मुंबईत कावासाकीशी साम्य असणारा बहुअवयवी दाह मुलांत दिसू लागला आणि चार रुग्णालयांतील २३ मुलांचा वृत्तान्त त्याच वर्षी ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये आला. या नव्या आजारात संख्या वाढण्याऐवजी बरेचदा उतरलेली आढळते. दाह दोन्हींकडे आहे. आकड्याची दिशा मात्र एक नाही.

मुलांतील आणखी एका वाहिनीदाहाचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्याला पूर्वी हेनॉख व शोनलाइन या जर्मन वैद्यांचे नाव होते आणि २०१२ च्या चॅपल हिल परिषदेच्या नामावलीत ज्याला ‘आयजीए वाहिनीदाह’ म्हटले गेले, त्या आजारात पायांवर व कुल्ल्यांवर हाताला लागणारे जांभळे डाग उठतात. असे डाग दिसताच ‘प्लेटलेट कमी असणार’ हा तर्क स्वाभाविक आहे. परंतु या आजारात त्यांची संख्या सामान्य किंवा थोडी अधिक असते. किंबहुना ती कमी नसणे हाच निदानाचा एक आधार आहे. रक्त बाहेर येते ते कण घटल्यामुळे नव्हे, वाहिनीची भिंत दाहाने जर्जर झाल्यामुळे.

४

‘वाहिनीदाह’ या शब्दाचाही येथेच परामर्श घेणे उचित होईल. मराठीत ‘दाह’ आणि ‘शोथ’ असे दोन पर्याय आहेत. विश्वकोशाने ‘शोथ’ घेतला आणि ‘दाहयुक्त सूज’ असा त्याचा खुलासा दिला. लालिमा, उष्णता, सूज व वेदना ही चार लक्षणे पाश्चात्त्य वैद्यकात सेल्ससच्या काळापासून सांगितली जातात. त्यांपैकी ‘दाह’ उष्णता घेतो आणि ‘शोथ’ सूज घेतो. त्वचेवरच्या गळवाला दोन्ही शब्द शोभतात. हृदयाजवळच्या धमनीत मात्र आईला जळजळ दिसत नाही आणि सूजही चाचपता येत नाही. म्हणून ‘दाह’ हा शब्द या ठिकाणी लक्षणाचे वर्णन म्हणून घ्यावयाचा नसून एका अदृश्य प्रक्रियेचे नाव म्हणून घ्यावयाचा आहे, हे वाचकाला एकदा तरी सांगावे लागते. एवढे सांगितले की तो शब्द चालण्यास हरकत नाही. रूढीने मिळालेले बळ नव्या घडणीने सहसा मिळत नाही.

५

आता ‘मार्कर’ या संज्ञेकडे वळावे. तिला ‘दर्शक’, ‘निर्देशक’, ‘चिन्हक’ असे प्रतिशब्द केले जातात. तिन्हींत एक समान दोष आहे. जे दाखविते ते खरेच दाखविते, असा ‘दर्शक’ या कर्तृवाचक नामाचा ध्वनी आहे. आणि शास्त्राला मार्करविषयी नेमकी हीच शंका असते.

या ठिकाणी आपल्या न्यायशास्त्राचे साहाय्य घेण्याजोगे आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना धूर हे ‘लिंग’ आणि अग्नी हा ‘लिंगी’. हे अनुमान खरे ठरण्यासाठी जेथे धूर तेथे अग्नी ही ‘व्याप्ती’ लागते. उलट दिशेने ती लागू पडत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसेच लक्षणाचे दोष नैयायिकांनी सांगितले आहेत: जेथे असावयास हवे तेथे ते काही ठिकाणी न आढळणे ही अव्याप्ती, आणि नसावयास हवे तेथे आढळणे ही अतिव्याप्ती. वैद्यकातील चाचणीचे गुणदोष मोजण्याच्या दोन आधुनिक मापांना इतके जवळचे शब्द घरात असताना परिभाषाकारांनी त्यांचा उपयोग करू नये, हे आश्चर्य आहे.

बिंबाणूंच्या प्रमुख खुणा या दृष्टीने तपासून पाहाव्यात. पी-सेलेक्टिन हे प्रथिन शांत बिंबाणूच्या पोटातील कणिकांच्या पटलात असते. बिंबाणू कार्यप्रवृत्त झाला की ते पृष्ठभागावर येते आणि पांढऱ्या पेशींना धरून ठेवते. त्याचे एक जुने इंग्रजी नाव मोठे लांबलचक होते. बिंबाणू प्रवृत्त झाल्यावर कणिकांतून बाह्य पटलावर येणारे प्रथिन, असा त्याचा आशय. त्या नावात सारी घटना होती. पुढे ते आखडून ‘पी-सेलेक्टिन’ झाले. त्यातील ‘पी’ हे प्लेटलेटचे आद्याक्षर. परंतु हे प्रथिन वाहिनीच्या अस्तरपेशींतही साठविलेले असते. म्हणून रक्तद्रवात सुटे सापडलेले पी-सेलेक्टिन बिंबाणूंची साक्ष देते की अस्तराची, हे नावावरून ठरत नाही. अतिव्याप्तीचे हे उत्तम उदाहरण होय, आणि ती येथे नावातच शिरली आहे.

बीटा-थ्रॉम्बोग्लोब्युलिन आणि प्लेटलेट फॅक्टर चार ही कणिकांतून बाहेर पडणारी दोन प्रथिने. जेन बर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली कावासाकी आजारातील रक्त गोठण्याचे दोष आणि बिंबाणूंची प्रवृत्ती यांवर निबंध प्रसिद्ध केला. धमनीच्या फुगवट्याचा धोका अधिक असलेली मुले आधी ओळखावी, हा त्याचा रोख होता. परंतु या प्रथिनांच्या मोजणीत एक फसवणूक दडलेली असते. दंडाला पट्टा घट्ट आवळला, सुई बारीक असली किंवा नमुना तपासण्यास वेळ लागला, की बिंबाणू नळीतच चिडतात आणि ऐवज टाकून देतात. हा तपासणाऱ्याच्याच हातून निघालेला धूर. यावर शास्त्रज्ञांनी योजलेली युक्ती मार्मिक आहे. शरीरात बाहेर पडलेला फॅक्टर चार वाहिनीच्या अस्तराला लगेच चिकटून रक्तातून नाहीसा होतो, बीटा-थ्रॉम्बोग्लोब्युलिन टिकते. नळीत मात्र दोन्ही सारखीच वाढतात. म्हणून एकट्या प्रथिनाच्या पातळीपेक्षा दोहोंचे परस्परप्रमाण अधिक विश्वासार्ह साक्ष देते.

तिसरी खूण बिंबाणू आणि एककेंद्रकी पांढरी पेशी यांच्या जोडगोळीची. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात कावासाकी आजाराच्या मुलांत अशा जोडगोळ्यांचे प्रमाण इतर तापाच्या मुलांपेक्षा ठळकपणे अधिक आढळले. तुलना निरोगी मुलांबरोबरच इतर तापाच्या मुलांशीही केली, हे येथे महत्त्वाचे. कारण अतिव्याप्तीची शंका तेथेच दूर व्हावयाची असते. तथापि मुलांची संख्या थोडी असल्याने हा निष्कर्ष दिशादर्शकच मानला पाहिजे. रोजच्या व्यवहारात कावासाकी आजार आजही लक्षणांवरून आणि हृदयाच्या प्रतिध्वनिचित्रणावरून, म्हणजे ‘इको’वरून, ओळखला जातो.

या सर्व विवेचनानंतर ‘दर्शक’पेक्षा ‘खूण’ हा साधा शब्द अधिक शास्त्रीय वाटू लागतो. खूण पटावी लागते. खूण खोटीही निघते. खुणेचा अर्थ लावणारा कोणीतरी लागतो. मराठीने या शब्दाभोवती जो सावधपणा जपला आहे तो ‘निर्देशक’च्या वाट्याला आलेला नाही.

६

शेवटचा प्रश्न ‘ॲक्टिव्हेशन’चा. ‘सक्रियण’ हा शब्द परिभाषेत वावरतो. ‘सक्रिय’ हे विशेषण आहे; त्याला धातू समजून ‘अन’ प्रत्यय लावल्याने हे रूप घडले. ‘सक्रियीकरण’ व्याकरणाला अधिक मानवते, पण जिभेला जड आहे. ‘सक्रियता’ सुलभ आहे, परंतु ती स्थिती सांगते, संक्रमण सांगत नाही. ‘उद्दीपन’ बाहेरून मिळालेल्या चेतावणीला आधीच देऊन झाला आहे. ‘चेतणे’ या क्रियापदाचा मोह होतो. चूल चेतते तसा बिंबाणू चेततो, ही प्रतिमा अर्थाला धरून आहे. पण ‘चेता’ हा शब्द मज्जातंतूंच्या परिभाषेत स्थिर झाल्याने ‘चेतन’ किंवा ‘चेतना’ असे नाम केले की घोटाळा होईल.

या अडचणीतून एक मार्ग निघतो, आणि तो शब्दकोशाच्या पद्धतीवरील आक्षेपही आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेचे जे प्रचंड कार्य झाले, त्याचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की त्या कार्याचा एकक ‘नामाला नाम’ हा राहिला. इंग्रजी वैद्यक क्रियांना नामे बनविते. ती सवय मराठीच्या अंगावर बळेच चढविली की समासांची उतरंड उभी राहते. ‘बिंबाणुसक्रियणदर्शक’ या शब्दाने अर्थ दिला असे कोशाला वाटते, परंतु वाक्यात कोणी काय केले ते वाचकाला कळत नाही. त्याऐवजी ‘बिंबाणू चेतल्याच्या खुणा’ असे म्हटले की क्रियापद जिवंत राहते, ‘चेता’चा घोटाळाही टळतो, आणि मुख्य म्हणजे पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: कशाने चेतले? केव्हा? कोणाला चिकटले? खूण खरी की नळीतली?

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. शास्त्राला शीर्षके, सारण्या आणि सूची लागतात. तेथे क्रियापदाचे वाक्य बसत नाही. आक्षेप योग्य आहे. सूचीत एक नाम असावेच; ते ‘सक्रियण’ असले तरी चालेल. परंतु सूचीतील नाम हे विवेचनातील भाषेचे मोजमाप होऊ नये. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ साली ५० मुलांचा वृत्तान्त आपल्या भाषेत, जपानीत, प्रसिद्ध केला. त्या निबंधाचे शीर्षक लांब, वर्णनपर होते: ताप, श्लेष्मल त्वचा, गाठी आणि बोटांची निघणारी साल, हे सारे त्यात होते. इंग्रजीतील निबंध १९७४ साली आला. सात वर्षे एक नवा आजार जपानी भाषेत व्यवस्थित वर्णिलेला होता. पाहिलेले सारे नीट सांगण्यास ती भाषा पुरली. व्यक्तिनाम हे सुटसुटीत नाव त्याला मागाहून चिकटले. वर्णन आधी, नाव नंतर, हा क्रम मराठी परिभाषाकारांनी चिंतन करण्याजोगा आहे.

कावासाकी आजारातील उपचाराकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो. दाहाचा भर ओसरल्यावर मुलाला अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. ते बिंबाणूंची संख्या घटवीत नाही. त्यांच्यातील एक विकर कायमचे निकामी करते, आणि केंद्रक नसल्याने बिंबाणूला ते नव्याने घडविता येत नाही. तो आयुष्यभर, म्हणजे त्याच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभर, शांत राहतो. अहवालातील आकडा सात लाखच राहील, आणि तरी औषध आपले काम करीत असेल. ज्या भाषेत बिंबाणूंविषयी ‘कमी’ आणि ‘जास्त’ एवढीच दोन विशेषणे आहेत, त्या भाषेत हे औषध कशासाठी दिले हे आईला सांगता येणार नाही. आणि जे सांगता येत नाही ते तिसऱ्या आठवड्यात, मूल खेळू लागल्यावर, बंद केले जाण्याचा संभव राहतो. परिभाषेची तिसरी कसोटी म्हणतात ती हीच.